धुतलेल्या नळ्या

नवीन सिस्टर आली की पहिल्या दिवशी मी तिला सुईला हात लावू देत नाही. पहिल्या दिवशी तिनं फक्त नातेवाईक सांभाळायचे. आमच्याकडे पेशंट एक असतो आणि त्याच्यामागे पिकअप भरून माणसं येतात, त्यातला प्रत्येक जण अर्धा डॉक्टर. त्यांना बाहेर जा म्हटलं की ते आणखी आत येतात. म्हणून त्यांना कामाला लावायचं, हा माझा पहिला धडा. "मामा, जरा गरम पाणी मिळतंय का बघता?" "मावशी, दारातल्या चपला एका बाजूला लावता का?" एकदा एका पाहुण्याला मी सलाईनच्या रिकाम्या बाटल्या मोजायला बसवलं होतं. त्यानं त्या इमानदारीत मोजल्या, आणि खात्री करायला परत एकदा मोजल्या. तोवर त्याच्या सासऱ्याच्या पायाला टाके घालून झाले होते.

दवाखाना तसा लहानच आहे. रस्त्याला लागून, समोर औषधाचं दुकान, त्याच्या शेजारी रक्त-लघवी तपासायची लॅब, आणि कोपऱ्यावर भेळ. डॉक्टर एकच, त्यांना सगळे साहेब म्हणतात. मला साहेब सिस्टर म्हणतात, नव्या मुली ताई म्हणतात आणि गावाकडची माणसं मोठ्या बाई म्हणतात. हे मोठेपण वयाचं की आवाजाचं, ते मी कधी विचारलं नाही. माझा आवाज मोठा आहे, राग नाकावर असतो आणि तो पाच मिनिटांत उतरतो, हे डिंगोऱ्यात माझ्या सासरी आणि इथे दवाखान्यात सगळ्यांना पाठ झालंय.

गेल्या वर्षी एकदमच दोघं आली. एक मुलगा मंचरकडचा आणि एक मुलगी मढची. दोघांचंही नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन नुकतंच हातात आलेलं. एप्रनची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. साहेब म्हणाले, "सिस्टर, तीन महिने बघा आणि सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

मुलाचं बघायला तीन महिने लागलेच नाहीत. त्याच्या बोटात जादू आणि तोंडात बैलगाड्यांची शर्यत. शेतकरी माणसाच्या हाताची कातडी जाड, शीर लवकर सापडत नाही. मी शिकवते की डोळ्यांनी शोधू नका, बोटानं चाचपा, शीर बोटाखाली रबरासारखी दबते. ते त्यानं पहिल्याच आठवड्यात उचललं. पण त्याची स्वतःची एक युक्ती होती. सुई हातात घेतली की शर्यतीच्या घाटातल्या गाड्यांच्या फेरीचं, म्हणजे बारीचं, विचारायचा, "काय राव, औंदा घाटात बारी कशी झाली?" की झालं! माणूस आपली बैलं, दुसऱ्याची बैलं, कुणाचा गाडा पहिल्यात आला आणि कुणाचा थोडक्यात हुकला यात असा रंगायचा की सुई गेलेली त्याला कळायचीसुद्धा नाही. वर, जाताना तोच माणूस म्हणायचा, "पोरगं लई गुणाचं हाय."

मुलीचं मात्र अवघड होतं. ती बोलायचीच नाही. काम सांगितलं की मान हलवायची आणि करायची. हात हळू, पण स्वच्छ. पट्टी बांधली तर सोडून बघावंसं वाटू नये अशी. पण तोंड मिटलेलं. एका म्हाताऱ्या बाबांनी तिला तीनदा विचारलं, "पोरी, मला किती दिस ठेवणार हाय?" तिला माहीत नव्हतं, म्हणून ती तिन्ही वेळा नुसती हसली. बाबांनी लगेच आपल्या मुलाला फोन लावला. "ये बाबा लवकर. माझं काय खरं न्हाई. सिस्टर नुसती हसून बघती." बाबांचा मुलगा कामावरून तसाच पळत आला. बाबांना साधा जुलाबाचा त्रास होता.

मी तिला आडोशाला घेऊन समजावलं, रागावले, पेशंट कसा बोलतो आणि आपण काय बोलायचं याचं नाटकसुद्धा करून दाखवलं. म्हातारा मीच झाले. ती हसून हसून लाल झाली, पण बोलली नाही ती नाहीच.

हात रिकामा झाला की मात्र ती घासायला बसायची. ट्रे घास, बेसिन घास, सलाईनचे स्टँड पूस. मढला त्यांच्या घरी म्हणे कोपऱ्यातली कळशीसुद्धा आरशासारखी असते, आईचा शिरस्ताच तसा. धुतलेलं सगळं गच्चीवर उन्हात ओळीनं मांडायची. आमच्या दवाखान्यानं इतकं लखलखीत रूप कधी पाहिलं नव्हतं. साफसफाईच्या मावशी तर माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या की ही पोरगी आमचं काम शिल्लकच ठेवत नाही.

तिच्या घरचं मला दुसऱ्यांकडून कळलं. शिकवायला तिच्या आईनं हट्ट धरला होता, बाकीच्यांचा विरोध होता. इथे टिकली तर ठीक, नाही तर ओतूरला चुलत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं ठरलेलं. एवढं शिकून पोरीनं मशिनचं झाकण उघडायचं आणि मिटायचं, हे माझ्या मनाला लागायचं. पण दवाखान्यात गप्प माणूस धोक्याचा असतो. उद्या हिला काही चुकीचं दिसलं आणि ही बोललीच नाही तर? तीन महिने संपत आले तशी मी मनाशी ठरवून टाकलं, साहेबांना नाही म्हणून सांगायचं. ठरवलं, आणि चार दिवस सांगायचं टाळत राहिले. ती समोर आली की मीच दुसरीकडे बघायचे.

त्या टाळण्याच्या दिवसांतलीच ती दुपार. जेवणं नुकती उरकली होती. एक पिकअप करकचून ब्रेक मारत दारात उभी राहिली आणि आतून पाच-सहा आवाज एकदम आले, "पान लागलंय, पान लागलंय!" आमच्याकडे अजूनही जुनी माणसं साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

निमगाव सावा गावची सून होती. ऐन पंचविशीतली. कांद्याच्या बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, हात घालून सडके कांदे निवडत होती, तेवढ्यात करंगळीजवळ काहीतरी डसलं. साप कुणी नीट पाहिला नव्हता. दिरानं मोबाईलमध्ये फोटो काढून आणला होता. त्यात बराख होती, कांदे होते, कुणाचा तरी पाय होता. साप तेवढा नव्हता. मनगटाच्या वर साडीचा काठ फाडून असा आवळून बांधला होता की हात निळा पडलेला. सूज होती, पण ती विषाची की त्या गाठीची, सांगता येईना.

मी नातेवाइकांना कामं वाटली. मुलानं सुई लावली. या वेळी बैलगाड्याचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. साहेबांनी बीपी बघितलं, पापण्या बघितल्या, हिरड्या बघितल्या, गाठ सावकाश सोडवली. नाग-मण्यारीच्या विषाचं काही लक्षण दिसत नव्हतं. पण घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तात उतरतं, ते वरून कळत नाही. त्याला एक जुनी, सोपी तपासणी आहे. काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच वाकडी करायची. रक्त दह्यासारखं लागलं असेल तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर अंगात विष आहे.

मुलीनं ड्रॉवरमधून नळी काढली, रक्त घेतलं, नळी स्टँडला लावली. मी घड्याळ बघितलं. नातेवाइकांपैकी आत फक्त सासू राहिली होती. तिला काही केल्या बाहेर पाठवता आलं नाही. सुनेनं आमच्या मढच्या मुलीचा हात घट्ट धरून ठेवला होता. सारखी एकच गोष्ट म्हणत होती, "माझी पोरगी अंगणवाडीतनं सुटंल. तिला कोण आणायचं? ती दुसऱ्या कुणाकडं जात न्हाई."

"आणतीय की तुजी जाऊ. तू गप पड," सासू म्हणाली आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसले.

वाट बघायची वेळ मी कधी फुकट घालवत नाही. दोघांना हळू आवाजात शिकवायला सुरुवात केली. म्हटलं, हे विरजणासारखं असतं, मध्येच हलवून बघायचं नाही. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. नवी हवी, कोरडी हवी. साबणाचा नुसता अंश जरी राहिला तरी चांगल्या माणसाचं रक्तसुद्धा गोठत नाही, आणि मग विष नसताना आपण विषावरचं औषध देऊन बसतो. ते औषध घोड्याच्या रक्तापासून करतात. गरज असेल तर द्यायचंच, त्यानं माणसं वाचतात. पण कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाचा श्वास कोंडतो, बीपी धाडकन खाली येतं. उगाच द्यायची गोष्ट नाही ती.

मुलगा मान डोलवत होता, मधून मधून प्रश्न विचारत होता. मुलगी गप्प होती. ती नेहमीच गप्प असायची, त्यामुळे मला त्यात वेगळं काही दिसलं नाही.

वेळ भरली. साहेब आले, नळी उचलली, वाकडी केली. रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं.

सासूनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळायचं ते कळलं. साहेब म्हणाले, "चला, अँटिव्हेनम सुरू करू. रिअॅक्शनची तयारी ठेवा." मुलगा फ्रिजकडे पळाला. मी इमर्जन्सीचा ट्रे ओढला.

"साहेब, थांबा."

त्या आवाजाची आम्हाला सवयच नव्हती. पहिल्यांदा कुणी वळूनही पाहिलं नाही.

"साहेब, थांबा! नळी धुतलेली हाय."

आता सगळे वळलो. ती सुनेच्या हातात हात तसाच ठेवून उभी होती. "मी धुतली. पावडरीनं. खोक्यावर लई धूळ व्हती म्हणून ड्रॉवरमधल्या समद्याच नळ्या धुतल्या, उन्हात वाळवल्या. परवा. मला ठाव नव्हतं."

कोऱ्या नळ्या! आख्खं खोकं! हे फक्त हिलाच सुचू शकतं, असं माझ्या मनात आलं आणि राग असा उसळला की कानशिलं गरम झाली. पण पेशंटसमोर मी आवाज चढवत नाही, तेवढा एक नियम मी पाळते. साहेबांनी एक क्षण तिच्याकडे रोखून बघितलं. मग मुलाला म्हणाले, "समोरच्या लॅबमध्ये पळ. सीलबंद नळ्या आण." मला म्हणाले, "औषध टेबलावर काढून ठेवा. बीपी बघत राहा. पुन्हा बघू."

मुलगा रस्ता ओलांडून कसा गेला आणि कसा आला, ते भेळवाल्यालाच माहीत. एका दुचाकीवाल्यानं त्याला घातलेली शिवी आम्हाला आत ऐकू आली. पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा नळी स्टँडला लावली. पुन्हा वीस मिनिटं.

ती वीस मिनिटं मी शिकवलं नाही. काही सुचतच नव्हतं. मी बीपी बघत होते, हिरड्या बघत होते, सूज कुठवर आली ते पेननं खूण करून बघत होते आणि डोक्यात भलतंच चाललं होतं. ही गप्प बसली असती तर? कुणालाही कळलं नसतं. आम्ही औषध दिलं असतं, काहीतरी त्रास झाला असता किंवा झालाही नसता, आणि सून बरी होऊन घरी गेली असती. निमगावकरांनी पेढे आणले असते. साहेबांना वाटलं असतं आपण वाचवली, मलाही तसंच वाटलं असतं. नळ्यांचं नाव कुणी काढलं नसतं. हिला नोकरीची आशा होती ती हिनं स्वतःच्या तोंडानं घालवली. बरं, एवढं करून या दुसऱ्या नळीतलं रक्तही वाहिलं तर काय? मग हिच्यामुळे औषधाला उशीर झाला, असंच सगळे म्हणणार. मीसुद्धा म्हणाले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे.

हे सगळं तिलाही कळत होतं. ती नळीकडे बघत नव्हती. सुनेकडे बघत होती.

साहेबांनी नळी उचलली. वाकडी केली. रक्त हललं नाही. पूर्ण उलटी केली. रक्त तळाशी घट्ट धरून बसलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला. मुलानं "आयला" म्हटलं आणि जीभ चावली. साहेब सासूला म्हणाले, "मावशी, आत्ता तरी विष दिसत नाही. पण उद्यापर्यंत इथेच ठेवायचं. थोड्या थोड्या वेळानं परत तपासत राहू."

सासूनं देवाला हात जोडले. मग आमच्याकडे संशयानं बघितलं. "म्हंजी ती मोठी सुई देणार न्हाई?"

"गरज नाही, मावशी."

"असं कसं? एवढ्या लांबनं गाडी करून आलो. गावात काय सांगू? निदान ताकदीची तरी एखादी द्या."

साहेब हसू दाबत बाहेर गेले आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मी दार लावलं. ते म्हणाले, "सिस्टर, या मुलीचं काय करायचं? तुम्ही सांगणार होतात."

चार दिवस जे वाक्य मी घोळवत होते ते कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, "साहेब, उद्या मला कुठे ॲडमिट करायची वेळ आली, तर माझ्या उशाशी ही असू द्या."

"आणि नळ्या?"

"नळ्यांना मी कुलूप लावते."

साहेब हसले आणि पुढच्या पेशंटला आत पाठवा म्हणाले. एवढंच बोलणं झालं. आमच्याकडे नेमणुका अशाच होतात.

बाहेर आले तर तिची ड्यूटी संपलेली होती. सुटीच्या वेळेला मढकडची एसटी असते, ती पकडायला ती नेहमी धावत सुटायची. मला वाटलं गेली असेल. आत डोकावले तर ती सुनेच्या कॉटशेजारी स्टुलावर बसली होती. एप्रन घडी घालून पिशवीत ठेवलेला, तिच्याकडे असायची ती कपाटाची किल्ली पिशवीवर. एक हात सुनेच्या नाडीवर. समोर स्टँडला तिसरी नळी.

मी म्हटलं, "अगं, गाडी गेली ना तुझी."

"जाऊ द्या. एवढी नळी बघते अन् जाते, ताई. हायवेला कुणीतरी भेटंल." मग खाली बघत म्हणाली, "उद्यापासून न्हाई येत. किल्ली हितं ठेवलीय."

कुणी काढलं हिला? कुणीच नाही. ही स्वतःच स्वतःचा न्याय करून, किल्लीसुद्धा ठेवून, तरी नळीचा वेळ भरायची वाट बघत बसली होती. मी म्हटलं, "किल्ली उचल. साहेबांशी बोलून आले मी. तू राहतेयस. कायमची. आणि परत कुठल्या नळीला पाणी लावलंस तर बघ."

तिनं माझ्याकडे बघितलं. आधी काही कळलंच नाही तिला. मग कळलं, आणि ती पोरगी तोंडावर हात धरून हमसून हमसून रडायला लागली. आता ती रडायला लागल्यावर मी काय दगड आहे? माझेही डोळे वाहायला लागले.

पलीकडे भिंतीला टेकून सासूचा डोळा लागला होता. ती दचकून जागी झाली. दोन सिस्टर सुनेच्या कॉटशेजारी रडताहेत, हे बघून बिचारीच्या काळजाचं पाणी झालं. "अगं बया! काय झालं माझ्या सुनंला? आवं, कुणी सांगा ना!"

मला हुंदक्यामुळे बोलता येईना. पण मुलगी उठली, पालथ्या हातानं डोळे पुसले, वेळ भरल्याचं घड्याळात बघितलं, नळी उचलून सासूच्या डोळ्यांसमोर उलटी धरली आणि बाहेर व्हरांड्यातल्या माणसांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय झालं न्हाई, मावशी. तुमची सून ठणठणीत हाय. हे बघा, तुमच्या डोळ्यांनी बघा."